स्कूटर त्वरित हलवावी

आमच्या जिन्यातला भोंगा माझ्या परवानगीशिवाय एक अक्षरही बोलणार नाही, असं मी सोसायटीच्या वार्षिक सभेत छातीठोकपणे सांगितलं होतं. इतिवृत्तात ते वाक्य जसंच्या तसं आहे, कारण इतिवृत्त मीच लिहितो. माणसाने स्वतःचं इतिवृत्त स्वतः लिहू नये, आणि लिहिलंच तर निदान 'छातीठोकपणे' हा शब्द गाळावा.

मी यज्ञेश्वर सबनीस, बिबवेवाडीतल्या हरितकुंज सोसायटीचा सचिव. हरित म्हणायला आवारात एक कढीपत्त्याचं झाड आहे आणि हात पोचेल तिथपर्यंत ते बोडकं आहे. माझी उभी हयात टपाल खात्यात गेली. निवृत्त झाल्यावर लोक चारधाम करतात, हास्यक्लबात जातात, सुनेला सूचना देतात. मला सून नाही. मुलगी श्रद्धा लग्न होऊन बंगळुरूला गेली आणि जाताना तिचा जुना लॅपटॉप माझ्यापाशी ठेवून गेली. तेव्हा पुढे जे झालं त्याचा मूळ दोष मुलीकडे जातो, असं मी हेमाला, म्हणजे माझ्या बायकोला, समजावून पाहिलं. तिने ते मान्य केलेलं नाही.

प्रश्न टाकीचा होता. सकाळी मोटर लावायची आणि गच्चीवरची टाकी भरली की बंद करायची, हे काम आमच्याकडे पाळीपाळीने सगळ्यांचं होतं, म्हणजे कोणाचंच नव्हतं. टाकी ओसंडायची, पाणी भिंतीवरून उतरायचं आणि तळमजल्यावरच्या यमुनाबाईंच्या अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांवर पडायचं. यमुनाबाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्या अंगणात उभ्या राहून 'मोटर' एवढं एकच म्हणायच्या, आणि चारही मजल्यांवरची माणसं हातातलं काम टाकून उभी राहायची.

त्यावर उपाय काढला चौथ्या मजल्यावरच्या सुदर्शन वानखडेने. हा यवतमाळचा, हिंजवडीला नोकरीला, आणि एकटा. एकट्या पुरुषाला भाड्याने जागा द्यायची नाही असा आमचा ठराव आहे. तो आम्ही त्याच्यासाठी शिथिल केला होता आणि दर भेटीत त्याची त्याला आठवण करून देत होतो. शेवटी बिचाऱ्याने कंटाळून आमचे उपकार फेडायचं ठरवलं. त्याने टाकीत एक तरंगतं यंत्र सोडलं, पंपाच्या खोलीत चिवड्याच्या डब्याएवढी एक डबी बसवली आणि जिन्यात भोंगा टांगला. टाकी भरली की भोंगा बाईच्या आवाजात म्हणायचा, 'टाकी भरली आहे. मोटर बंद करावी.' यमुनाबाईंच्या मते त्या बाईच्या आवाजात जरब नव्हती. लाइट गेली तरी चालू राहावी म्हणून डबीला बॅटरी होती. भोंग्यालाही बॅटरी हवी असं सुदर्शन म्हणत होता, पण लाइट गेल्यावर भोंग्याने बोलायचं कारण काय, असा प्रश्न कमिटीत निघाला आणि तो खर्च नामंजूर झाला. हा प्रश्न मीच काढला होता.

"काका, हे पोस्ट ऑफिस समजा," सुदर्शन मला म्हणाला आणि मी तिथेच त्याचा झालो. डबी म्हणजे कचेरी. कचेरीत खण. टाकीच्या बातम्या टाकीच्या खणात, सोसायटीच्या सूचना सूचनांच्या खणात. पाठवणाऱ्याने खणाचं नाव घालून निरोप टाकायचा; तो कोण वाचणार हे त्याला ठाऊक नसतं. वाचणाऱ्याने कचेरीला सांगून ठेवायचं की अमुक खणात येईल ते मला देत जा. पाठवलं कोणी हे त्याला कळत नाही. भोंग्याने तसं दोन्ही खणांसाठी सांगून ठेवलेलं होतं. मलाही सांगता येणार होतं. त्यासाठी लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडायची, तीत एक ओळ टाइप करायची, की त्या खणातले निरोप समोर टपाटप पडायला लागतात.

ही काळी खिडकी मला फार आवडली. तिच्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत, जाहिराती नाहीत. आपण हुकूम लिहायचा आणि तिने तो पाळायचा. चुकला तर ती एका ओळीत अपमान करते आणि पुन्हा वाट बघत बसते. पेठेतल्या दुकानदारांची सवय असलेल्या माणसाला हे जड जात नाही. त्या हुकमाचं नाव डासावरून ठेवलेलं आहे, मॉस्किटो. "आमचे हे दिवसभर मॉस्किटो बघत बसतात," असं हेमाने यमुनाबाईंना सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी मला कडुनिंबाचा पाला आणून दिला आणि साठलेलं पाणी ओतून टाका असं बजावलं.

मी सुदर्शनला एकच शंका विचारली होती. निरोप आला आणि त्या वेळी ऐकायला कोणी नसेल, तर कचेरी काय करते?

"काही नाही करत, काका. फेकून देते."

घरी कोणी नव्हतं म्हणून पत्र फेकून दिलं, असं माझ्या हाताखालच्या एखाद्या पोस्टमनने सांगितलं असतं, तर मी त्याची बदली अशा गावी केली असती की तिथे पत्रच येत नाही. माझा चेहरा बघून सुदर्शनने तोड सांगितली. निरोप पाठवण्याच्या ओळीत एक अक्षर जादा घालायचं. मग कचेरी त्या खणातला शेवटचा निरोप सांभाळून ठेवते आणि जो कोणी नव्याने विचारायला येईल त्याला आधी तो देते. "पण काका, हे जरा जपून वापरा," असं तो पुढे म्हणत होता. "समजलं समजलं," असं म्हणून मी त्याला जिन्यापर्यंत पोचवून आलो. पुढच्या आठवड्यात कंपनीने त्याला परदेशी पाठवलं. मी मात्र तेव्हापासून प्रत्येक निरोपात ते अक्षर घालत आलो. पत्र सांभाळून न ठेवणारी कचेरी माझ्या अमदानीत चालणार नव्हती.

पावसाळा संपेपर्यंत मी भोंग्यावरून पुष्कळ सूचना दिल्या. ओला कचरा वेगळा ठेवावा. जिन्यात सायकली टेकवू नयेत. कढीपत्ता हा सामायिक मालमत्तेचा भाग आहे. लोक पाळत नव्हते, पण ऐकत होते, आणि सचिवाला त्याहून जास्त काही मिळत नसतं. अशाच एका सकाळी प्लंबर आला आणि पंपाच्या खोलीच्या दारासमोर नियाज शेखची स्कूटर उभी दिसली.

नियाज माझ्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. शेखांच्या चार पिढ्या पुण्यात गेल्या, त्यामुळे टोमणा मारायच्या कामी तो माझ्याहून जुना पुणेकर आहे. सोसायटी झाली तेव्हापासून रोज सकाळी पेपरातलं शब्दकोडं आम्ही दोघं मिळून सोडवतो. आडवे शब्द माझे, उभे त्याचे. असा शेजार नशिबाने मिळतो. तेव्हा साहजिकच एक मजला चढून, बेल वाजवून, 'नियाज, स्कूटर काढ रे' म्हणायला हवं होतं. पण लॅपटॉप उघडाच होता. मी टाइप केलं: 'तिसऱ्या मजल्यावरील श्री. नियाज शेख यांनी आपली स्कूटर पंपाच्या खोलीसमोरून त्वरित हलवावी. हुकमावरून, सचिव.' आणि शेवटी ते अक्षर.

भोंगा बोलला. नियाज खाली आला, स्कूटर हलवली, वर माझ्या खिडकीकडे बघून हसला आणि म्हणाला, "हुकमावरून काय, यज्ञ्या." प्रकरण तिथे संपायला हरकत नव्हती. त्यानंतर नवी सूचना द्यावी असं काही घडलंही नाही.

मग थंडी पडली. थंडी पडली की सोसायटीत गीझर लागतात, आणि दोनाच्या जागी तीन लागले की आमचा जुना मेन स्विच पडतो. कोणीतरी खाली जाऊन तो वर करतो. पहिल्याच थंडीत स्विच पडला, वर झाला, भोंगा खरखरला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, 'तिसऱ्या मजल्यावरील श्री. नियाज शेख यांनी आपली स्कूटर पंपाच्या खोलीसमोरून त्वरित हलवावी.' नियाज दाढी अर्धी टाकून खाली गेला. पंपाच्या खोलीसमोर कोणीच नव्हतं. त्याची स्कूटर दिलेल्या जागेवर शहाण्यासारखी उभी होती. दुपारी पुन्हा स्विच पडला, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्यादेखत तेच. पेपरवाला नियाजला विचारायला लागला, की साहेब, हलवत का नाही.

नियाजने स्कूटर रस्त्यावर लावली. तरी भोंगा थांबेना. त्याने ती मागच्या गल्लीत एका ओळखीच्याकडे ठेवली आणि तिथपर्यंत चालत जायला लागला. मग एक दिवस तो मला जिन्यात भेटला.

"सबनीससाहेब," तो म्हणाला, "स्कूटर नेमकी किती लांब ठेवावी याबद्दल आपण एकदा लेखी मार्गदर्शन करावं."

मी म्हणालो, अरे नियाज, मी काही करत नाहीये.

"असं कसं? भोंगा आपल्या परवानगीशिवाय बोलत नाही. सभेत आपणच सांगितलंत."

एखाद्या पुणेकराने शिवी दिली तर वाद मिटायची आशा असते. त्याने 'आपण' म्हटलं की संपलं. इतकी वर्षं मला यज्ञ्या म्हणणारा माणूस 'आपण' म्हणून वर निघून गेला आणि मला खरोखर वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तो शब्दकोड्याला आला नाही. मी आडवे शब्द भरले आणि उभ्यांकडे बघत बसलो. हेमा म्हणाली, उभे तुम्हीच भरा की. मी म्हणालो, ते त्याचे आहेत. नंतर कळलं की तोही घरी वेगळा पेपर घेऊन फक्त उभे भरतो आणि उरलेलं कोडं तसंच ठेवतो.

माझी खात्री होती की माझ्या नावावर कोणीतरी दुसराच तो निरोप पाठवतोय. त्याला रंगेहाथ पकडायचं मी ठरवलं. काळी खिडकी उघडली, 'सूचनांच्या खणातलं मला द्या' ही ओळ लिहिली, आणि बटण दाबताक्षणी समोर आलं: स्कूटर त्वरित हलवावी. मी दचकलो. म्हणजे चोर आत्ता, या क्षणी, पाठवत होता. मी दिवसभर ती खिडकी उघडी ठेवून समोर बसलो. हेमाने जेवणाचं ताट तिथेच आणून दिलं. दिवसभरात सूचनांच्या खणात एक ओळ आली नाही. कंटाळून खिडकी बंद केली. काहीतरी राहिलं म्हणून पुन्हा उघडली, तर लगेच स्कूटर त्वरित हलवावी.

आता शंकाच नव्हती. चोराला मी दिसत होतो. मी लक्ष ठेवलं की तो गप्प बसायचा आणि पुन्हा पहारा सुरू केला की हजेरी लावायचा. मी पडदे ओढले. लॅपटॉप कपड्यांच्या कपाटामागे नेला. चप्पल काढून, एका बोटाने, आवाज न करता ओळ लिहिली. निरोप हजर. हेमाला दारात उभं केलं आणि जिन्यात कोणी दिसतं का बघायला सांगितलं. ती म्हणाली, कोणी नाही, फक्त मी दिसते आणि मला लोक बघून हसतायत. मग मी खोकून, वेगळंच काहीतरी करत असल्याचा बहाणा करून, पेपर वाचता वाचता एकदम बटण दाबलं. निरोप हजर. इतका तत्पर गुन्हेगार मी टपाल खात्यातही पाहिला नव्हता, आणि तिथे तत्पर माणसं क्वचितच असतात.

तो सांभाळून ठेवायचा प्रकार मला आठवला नाही का, असं कोणी विचारेल. आठवला होता. पण तो निरोप मला एकदा मिळालेला होता. एकदा दिलेलं पत्र त्याच माणसाला पुन्हा, आणि दर वेळी दार उघडलं की पुन्हा द्यायचं, हे जगातलं कोणतंही पोस्ट करत नाही. म्हणून मी ती शक्यता बाद केली.

आमचे अध्यक्ष उत्तरेश्वर धायगुडे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सुरक्षा विभागात होते. त्यांना सगळ्यात घातपात दिसतो. मागे लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली तेव्हा आत बसूनच त्यांनी संशयितांची नावं सांगितली होती. त्यांनी तात्काळ फर्मान काढलं की छडा लागेपर्यंत सूचनांच्या खणात एकही नवी सूचना जाता कामा नये, आणि मला घेऊन ते पोलीस चौकीत गेले. हवालदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"निरोप कोण पाठवतं?"

मी म्हणालो, माहीत नाही.

"वाक्य कोणी लिहिलंय?"

मी म्हणालो, मी.

"येतं कोणाला?"

मी म्हणालो, मला.

"म्हणजे तुमचंच वाक्य तुम्हाला येतं आणि तुम्हाला त्रास होतो," हवालदार म्हणाले. "मग साहेब, वाक्य जरा बरं लिहीत चला." त्यांनी चहा मात्र पाजला. बाहेर पडल्यावर धायगुडे दबक्या आवाजात म्हणाले की हवालदारही त्यांच्यात सामील दिसतो. कोणांच्यात ते त्यांनी सांगितलं नाही.

चारही मजल्यांनी सल्ले दिले. यमुनाबाई म्हणाल्या, भोंग्यावर ओला टॉवेल टाका. कोणी म्हणालं, नियाजचं नाव बदला. कोणी म्हणालं, त्यांना स्कूटर विकायला सांगा, म्हणजे वाक्यच खोटं ठरेल. भोंगा काढून टाका असंही एकाने सुचवलं. पण तो काढला तर तो माझ्या हुकमात नव्हता हे सिद्ध झालं असतं, म्हणून मी तांत्रिक कारणास्तव नकार दिला. तांत्रिक कारण कोणतं ते विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

अशातच हेमाने बातमी आणली. येत्या रविवारी नियाजच्या नाजिमाला बघायला पाहुणे येणार होते. नाजिमा मगरपट्ट्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती लहान असताना माझ्या टेबलावर बसून रबरी शिक्के मारायची. माझ्या कपाळावरही मारलेले आहेत. त्या पोरीला बघायला लोक येणार आणि मला तिसऱ्या मजल्यावरून बोलावणं नाही. हेमा म्हणाली, येईल बोलावणं. मी म्हणालो, नाही येणार. त्याहून भयंकर विचार नंतर आला. पाहुणे बसलेले असताना स्विच पडला तर भोंगा बोलणार. चार लोकांत, मुलीच्या बापाला, होणाऱ्या व्याह्यांसमोर, एखाद्या टपोऱ्याला हाकलावं तसं.

तेव्हा मी नाक मुठीत धरून सुदर्शनला परदेशी फोन लावला. त्याने ऐकलं आणि त्याला हसू आवरेना.

"काका, तुम्हीच ठेवलाय न तो निरोप सांभाळून. लाइट आली की भोंगा नव्याने विचारते, कचेरी त्याले तोच देते. तुम्ही खिडकी उघडली की तुम्हालेही तोच देते. कोणीच पाठवून नाही राहिलं."

मी म्हणालो, अरे, पण मला एकदा मिळालेला आहे.

"त्याले काय माहीत, काका? त्याच्यासाठी तुम्ही दर वेळी नवे. आता एक करा. त्याच खणात रिकामा निरोप पाठवा, ते अक्षर घालून. काहीच लिहू नका. जुना जाते निघून."

काहीच लिहू नका. हा सल्ला मी पाळला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण रिकामं पाकीट पाठवणं म्हणजे काय असतं हे त्या पोराला काय कळणार. माणसाचा चव्हाट्यावर अपमान करायचा आणि तो मागे घेताना तोंडातून शब्दही काढायचा नाही, हे रीतीला धरून नाही. नवा निरोप गेला की जुना आपोआप जातो, एवढं मला समजलं होतं. मग तो नवा निरोप नियाजची इभ्रत परत देणारा का नसावा? शनिवारी मी दुपारभर मसुदा केला आणि पाठवला: 'श्री. नियाज शेख यांच्याविषयीची यापूर्वीची सूचना मागे घेण्यात येत आहे. त्यांच्याविरुद्ध सोसायटीची आता कोणतीही तक्रार उरलेली नाही. हुकमावरून, सचिव.' शेवटी ते अक्षर. सवयीने.

भोंगा बोलला तेव्हा नियाज दुकानात होता. घरी फक्त त्याची बायको नसीमवहिनी होत्या आणि त्या कुकरसमोर होत्या. जिन्यात यमुनाबाईंनी ऐकलं आणि विचारलं, "आधी किती तक्रारी होत्या हो?" तेव्हा 'आता' आणि 'उरलेली' या शब्दांचा अर्थ माझ्या लक्षात आला. रात्रभर नवा मसुदा केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दुरुस्ती पाठवायला बसलो तर लॅपटॉपने मान टाकली. त्याचा चार्जर जळाला होता. दिवस रविवारचा, दुकानं बंद, आणि फाटकातून पाहुण्यांची गाडी आत येत होती.

आता हाती एकच उपाय होता. मी दारोदार फिरलो. गीझर लावू नका, मिक्सर लावू नका, संध्याकाळपर्यंत सगळे दिवेसुद्धा बेताने लावा, अशी विनंती केली. कारण विचारलं तर राष्ट्रहित म्हणालो. धायगुड्यांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, की वरून काही इशारा आलाय का. मी होय म्हणालो. ते ताबडतोब मेन स्विचपाशी खुर्ची टाकून बसले. प्रत्येक घरात मी जातीने प्लग काढून घेतले. शेखांकडे जायला तोंड नव्हतं; ते सोडून फक्त एका घरात गेलो नाही, माझ्या. तिथे हेमा माझा झब्बा इस्त्री करत होती. बोलावणं ऐन वेळीही येऊ शकतं, तेव्हा कपडे तयार असावेत, असा तिचा विचार होता. इस्त्री जुनी आणि चांगली जड आहे, आणि तिच्या वायरीत अधूनमधून शॉर्ट होतो. मी जिन्यात असताना स्विच पडला.

मी धायगुड्यांना ओरडून सांगितलं की वर करू नका. पण धायगुड्यांना कारखान्यात वेगळं शिकवलेलं होतं. त्यांनी क्षणात स्विच वर केला. भोंगा खरखरला, घसा साफ केल्यासारखा आवाज काढला आणि पाहुण्यांच्या पहिल्या घोटाबरोबर साऱ्या जिन्याला कळवलं की नियाज शेख यांच्याविरुद्ध सोसायटीची आता कोणतीही तक्रार उरलेली नाही.

तिसऱ्या मजल्यावर कपबशा थांबल्या. मला जिन्यातून ते ऐकू आलं.

मग मी काय केलं ते मला नीट आठवत नाही, पण हेमाला आठवतं. झब्बा इस्त्रीला होता, तेव्हा मी बनियन आणि लेंग्यातच तिसरा मजला चढलो आणि बेल न वाजवता आत गेलो. नियाज उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. समोर राहिल नावाचा तो मुलगा आणि त्याचे आईवडील. वडील कप हातात धरून भिंतीकडे बघत होते, जणू उरलेल्या तक्रारी तिथे लिहिलेल्या होत्या.

मी हात जोडले. "मी खालचा सबनीस," मी म्हणालो. "भोंग्यात जे बोललं ते मी लिहिलेलं आहे. मला ते यंत्र येत नाही. येतं असं मी सगळ्यांना सांगितलं, सभेत सांगितलं, पोलिसांना सांगितलं. येत नाही. नियाजविरुद्ध आजवर एकही तक्रार आलेली नाही. आली असती तर माझ्याकडे आली असती आणि मी ती फाडली असती."

आयुष्यात पहिल्यांदा मी 'येत नाही' असं म्हणालो होतो आणि तेही बनियनवर. नियाज माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता तो म्हणणार, आपण जाऊ शकता.

"काका," राहिलने विचारलं, "निरोप रिटेन करून, म्हणजे सांभाळून ठेवायला सांगून, पाठवलात का?"

"रिटेनच केलंय त्यांनी," आतल्या खोलीतून नाजिमा म्हणाली, "आणि घालवायला वर दुसराही रिटेन केलाय." मग आतून एक हसू फुटलं आणि बाहेर राहिलला ते लागलं. बघायला आलेल्या मुलाने असं पोट धरून हसू नये, पण तो हसला. मग त्याचे वडील हसायला लागले आणि त्यांच्या कपातला चहा बशीत आला. नाजिमा फोन हातात घेऊनच बाहेर आली. तिने आणायचा म्हणून ठरवलेला फराळाचा ट्रे आतच राहिला. ती राहिलशेजारी बसली, दोघांनी डोकी जवळ आणून काहीतरी पुटपुटलं, आणि तिने फोनवरूनच त्या खणात निरोप टाकला.

"काय लिहिलंस?" मी विचारलं.

"काही नाही, काका. रिकामं."

खात्री करायची म्हणून धायगुड्यांनी स्विच पाडला. सगळी सोसायटी जिन्यात जमली. यमुनाबाईसुद्धा भिंत धरून दोन मजले चढल्या. स्विच वर झाला. भोंगा खरखरला, थांबला, आणि काहीही बोलला नाही. एवढी शांतता हरितकुंजात बांधकामापासून झाली नव्हती. मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवल्या. मी त्या टाळ्या स्वीकारल्या.

नाजिमाला मी हळूच विचारलं, की तुला कधी कळलं.

"पहिल्याच दिवशी. अब्बांना सांगितलंही होतं, काकांची चूक झालीय. ते म्हणाले, सबनीस टपाल खात्यातला आहे, त्याच्याकडून चूक होत नाही. करतोय म्हणजे मुद्दाम करतोय."

माझी इतकी मोठी तारीफ आजवर कोणी केलेली नाही, आणि त्याच तारिफेने माझा मित्र जवळजवळ घालवला होता. मी नियाजकडे बघितलं. तो माझ्याकडे न बघता नसीमवहिनींना म्हणाला, की आणखी दोन कप टाका, हेमावहिनींनाही बोलवा, आणि याला आधी अंगावर घालायला काहीतरी द्या. मला नियाजचा सदरा मिळाला. तो मला घट्ट होतो.

त्या संध्याकाळी बैठक लांबली. मुलामुलीला एकांतात बोलू द्यावं म्हणून त्यांना गॅलरीत पाठवलं, तर ती दोघं भोंग्याबद्दलच बोलत होती. नियाज आनंदाच्या भरात मागच्या गल्लीतून स्कूटर काढून आइस्क्रीम आणायला गेला आणि आला. शेवटी पाहुणे उठले. आम्ही सगळे गॅलरीत निरोप द्यायला उभे राहिलो. खाली राहिलने गाडी सुरू केली, मागे घ्यायला लागला आणि थांबला. त्याच्या गाडीला बरोबर आडवी, फाटकाचा रस्ता अडवून, नियाजची स्कूटर उभी होती.

खाली राहिलच्या वडिलांनी गाडीतून डोकं काढून वर बघितलं. गॅलरीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आइस्क्रीमकडे बघितलं.

नियाजने आइस्क्रीमचा चमचा चाटला, खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.

"यज्ञ्या, जा," तो म्हणाला, "त्वरित हलव."